दोन वेळच्या जेवणाचा दर

तेव्हा किती स्वस्ताई होती, असं कुणी म्हणालं की मला दमायला होतं. म्हणणारा बहुतेक वेळा वयानं लहान असतो. त्याला तेव्हाच्या तांदळाचा भाव कुणीतरी सांगितलेला असतो, तेव्हाचा पगार सांगितलेला नसतो. मला दोन्ही माहीत आहेत, कारण माझी आई कल्याणला खाणावळ चालवायची.

वडील गेले तेव्हा लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्यामागे आम्हा दोघींना पारनाक्याजवळच्या भाड्याच्या दोन खोल्या राहिल्या, पुढची ओटी राहिली, आणि आईच्या हाताची चव. पहिल्या काही महिन्यांत घरातलं काय काय विकलं गेलं ते सांगत बसत नाही. तसं पुष्कळ घरांत झालं. मग शेजारच्या बिऱ्हाडातला एक रेल्वेतला कारकून म्हणाला, "वहिनी, मला दोन वेळ जेवायला घालाल का? हॉटेलातलं खाऊन पोट बिघडलंय." त्याच्यामागून त्याचे दोन सोबती आले. वर्षभरात ओटीवर अकरा पाट मांडले जाऊ लागले.

सगळे एकटे राहणारे. कुणाची बायकामुलं गावी, कुणाचं लग्न व्हायचं होतं. बरेचसे रेल्वेत, दोघं अंबरनाथला कारखान्यात, एक शाळेत मास्तर, बाकीचे कचेऱ्यांमधून. त्यांतल्या दोघांबद्दल सांगायला हवं. ज्यांनी पहिल्यांदा विचारलं ते कारकून पुढे हेडक्लार्क झाले, आणि आमच्या पंगतीचेही तेच हेड झाले. पंगतीत पहिला पाट त्यांचा. माणूस वाईट नव्हता. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, बोलणं मोजकं. दुसरा अंबरनाथला जाणारा एक फिटर. रत्नागिरीकडचा, तेवीस-चोवीस वर्षांचा, पगारातला निम्मा गावी धाडणारा. तो नेहमी शेवटच्या पाटावर बसायचा आणि पोळ्या संपल्या तर भात चालेल म्हणायचा.

दर होता महिना बावीस रुपये. दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी काहीतरी गोड. कुणी गावाला गेला तर तेवढे खाडे धरून पैसे वजा व्हायचे. अन्नधान्यावर कंट्रोल होता, तेव्हा प्रत्येकाचं रेशनकार्ड आमच्याकडे जमा असे. शाळेतून आले की पिशव्या घेऊन रेशनच्या दुकानापुढे उभं राहायचं हे माझं काम. कार्डावर मिळायचं ते अकरा जवान माणसांना पुरणारं नव्हतं. तांदूळ कधी इतका जुना की चूल पेटायच्या आधी तासभर निवडावा लागे. पुढे पुढे तर ती तांबडी मिलो ज्वारी यायला लागली. तिच्या भाकरीला चिरा पडत आणि पंगतीत कुणी मान वर करून बघत नसे.

कमी पडायचं ते चोरून घ्यायचं. शहाडकडून, नदीपलीकडच्या गावांतून बायका यायच्या. डोक्यावर गवताचा भारा नाहीतर शेणीची पाटी, आणि तिच्या आत तांदूळ. मागच्या दारानं येऊन त्या मुकाट्यानं पदर पसरून माप घालायच्या. रेशनच्या दुप्पट भाव, कधी त्याहूनही जास्त. आई घासाघीस करायची नाही. एकदा मी म्हटलं, "अगं, थोडं कमी कर म्हण की तिला." आई म्हणाली, "पकडली गेली तर तिचा तांदूळही जातो आणि भाराही जातो. ती काय कमी करील?"

तेल वाढलं. साखर तर मिळेनाशीच झाली. कोळशाची गोणी दर खेपेला थोडी महाग व्हायची आणि थोडी हलकी. बावीस रुपये मात्र बावीसच राहिले. सुरुवातीला आमटी पातळ झाली, मग रविवारचं गोड एक रविवार सोडून झालं, मग पापड गेला. आई रांधताना पूर्वी गुणगुणायची, ते कधी थांबलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

एक दिवस तिनं ठरवलं की दर पंचवीस करायचा. ठरवलं खरं, पण सांगणार कसं? ती जेवणाऱ्यांसमोर कधी फारसं बोलायची नाही. दोन-तीन दिवस पंगत बसली की ती दाराशी यायची, पदर सारखा करायची आणि परत आत जायची. शेवटी एका संध्याकाळी ताक वाढून झालं तेव्हा उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून पंचवीस द्यावे लागतील. मला आता बावीसात जमत नाही."

मास्तरांनी ताकाचं भांडं तोंडाला लावलं ते बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग हेडक्लार्क म्हणाले, "वहिनी, तुमचं खरं आहे. महागाई आम्हालाही दिसते. पण आमचा भत्ता कुठं वाढलाय? वाढेल वाढेल म्हणतात. तीन रुपये म्हणजे माझ्या धाकट्याची शाळेची फी."

"मी तरी कुठून आणू?" आई म्हणाली.

"तसं नाही. मार्ग काढू."

त्यांनी मार्ग काढला. पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर सगळे ओटीवरच बसून राहिले. आईला बाहेर बोलावलं. हेडक्लार्क म्हणाले, की आपण असं करू, बाजार आम्ही करतो. माझ्या ओळखीचे व्यापारी आहेत, दोन पैसे स्वस्त पडेल. महिन्याचा जो खर्च होईल तो अकराजणांत वाटून घेऊ. तुमच्या डोक्याला भाव वाढल्याची काळजी नको. तुम्ही फक्त रांधायचं. तुम्हाला आम्ही महिन्याचा ठरलेला पगार देऊ.

"पगार?" आई म्हणाली. तो शब्द तिला ओळखीचा होता, वडिलांना पगार असायचा. तो आपल्याला लागू होतो आहे हे तिला पटकन कळलं नसावं.

मग तिच्यासमोरच पगार किती यावर बोलणं झालं. एकजण म्हणाला, ठाण्याला नौपाड्यात त्याच्या मामांकडे स्वैपाकाला बाई येते, तिला पंधरा देतात. दुसरा म्हणाला, ते चार माणसांचं घर, इथं अकरा आहेत. तिसरा म्हणाला, पण जागा त्यांचीच आहे, त्याचंही काही धरलं पाहिजे. असं करत करत पस्तीसवर आलं. आई भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलणं चाललं असावं तशी ती ऐकत होती.

"आणि त्यांचं जेवण?" मास्तरांनी विचारलं.

"ते असणारच. स्वैपाकाच्या बाईला जेवण असतंच," हेडक्लार्क म्हणाले. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी दाराआड ताटं गोळा करत होते, पंधरा वर्षांची. "मुलीचं… मुलीचं आपण अर्धं धरू. म्हणजे अर्ध्या जेवणाचा खर्च बाईंच्या पगारातून वजा. काय?"

सकाळपर्यंत ते तिला वहिनी म्हणत होते. बाई हा शब्द त्यांच्या तोंडून सहज निघून गेला, आणि नंतर तोच राहिला.

फिटर तेवढा म्हणाला, "ती वाढते, ताटं घासते, रेशन आणते. तिचं काय धरणार?"

हेडक्लार्क म्हणाले, "अरे, ती घरातली मुलगी आहे. घरातल्या मुलीच्या कामाचे पैसे कुणी धरतं का?"

आईनं होकार दिला. दुसरं काय करणार होती? आतल्या खोलीत आल्यावर ती मला म्हणाली, "तुझं वजा जाऊन पंचवीस तरी सुटतील दर महिन्याला. आतापर्यंत मला कधी वीस सुटले, कधी काहीच नाही. हे बरंच झालं म्हणायचं." त्या रात्री जेवताना मला आमटी पुन्हा घ्यायची होती, ती मी घेतली नाही. आईच्या ते लक्षात आलं. तिनं न विचारता माझ्या वाटीत आमटी ओतली आणि म्हणाली, "गप खा."

पहिला महिना मोठ्या उत्साहात गेला. हेडक्लार्क स्वतः पिशवी घेऊन बाजारात जात. भाजीवाल्याशी, वाण्याशी काय काय बोलणं झालं, ते पंगतीत सांगत. महिना संपला आणि आकडा निघाला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. आईचा पगार धरूनसुद्धा माणशी एकवीस रुपयांच्या आत खर्च आला होता. हेडक्लार्क नम्रपणे हसले. "तसं बायकांना बाजारात फसवतातच," ते म्हणाले. कुणीतरी म्हणालं, "मग बावीस घेऊनही पूर्वी पापड का मिळत नव्हता?" तो थट्टेनं म्हणाला असेल. आईचा चेहरा उतरला. ती मला आत येऊन हळूच म्हणाली, "अगं, मी कुठं उधळत होते का? मला तरी आठवत नाही."

तिला खरोखरच वाटायला लागलं की आपल्या हातून काहीतरी चुकत होतं. चार दिवस ती तेच बोलत होती. मग एक दिवस मी शेगडीसाठी कोळसा काढायला गेले, तर कोळशाच्या पेटाऱ्यात हाताला नुसती भुकटी लागली. मिरच्यांचा डबा रिकामा. चिंचेची बरणी तळाला लागलेली. उन्हाळ्यात आम्ही दोघींनी घातलेले सांडगे, पापड, लोणचं, कुटून ठेवलेला वर्षाचा मसाला, यांतलं बरंचसं त्या महिन्यात पंगतीला गेलं होतं. ते घरातच होतं, बाजारातून आणायचं नव्हतं, म्हणून हेडक्लार्कांच्या हिशेबात ते कुठंच नव्हतं. आणि आमच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "आई, तू सांग त्यांना."

आई पेटाऱ्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात त्यांनाच विकत आणावं लागेल. तेव्हा कळेल."

"पण या महिन्याचं? आपले पैसे होते ते."

"कोण भांडणार आता," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या महिन्याचा आकडा पंचवीसच्या वर गेला. पंगतीत कुणी थट्टा केली नाही. हेडक्लार्क म्हणाले, या महिन्यात कोळसा फार निघाला, मसाला निघाला. पुढल्या महिन्याला ते म्हणाले, तेल फार लागतं. मग तेल मापून मिळायला लागलं. सकाळी ते कामावर जाण्यापूर्वी वाटीनं तेल काढून देत आणि बुधल्याचं झाकण लावून जात. आई पूर्वी भाजीला फोडणी देताना बुधल्याकडे बघतही नसे, हात आपोआप थांबायचा. आता ती वाटी पुढे ठेवून विचार करत बसायची. भाजीला चव राहिली नाही. मग पंगतीत म्हणू लागले, बाईंचा हात पूर्वीसारखा राहिला नाही.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे की दारावर कुणी आलं, तर आईला भाकरी देता येत नसे. पूर्वी नदीपलीकडची तांदूळवाली बाई आली की आई तिला ताक-भाकरी द्यायची. ती बाई नंतरही अधूनमधून यायची, तांदूळ विकायला नाही, कारण आता खरेदी आमच्या हातात नव्हती. नुसती सवयीनं, सावलीत टेकायला. आई तिला पाणी द्यायची आणि तिच्याशी बोलत बसायची. भाकरीचं दोघीही काढत नसत.

अशी दोन वर्षं गेली. जेवणाऱ्यांवरही मी दोष ठेवत नाही. त्यांचे पगार मला माहीत होते, कारण ओटीवर दुसरा विषयच नसायचा. नव्वद, शंभर, हेडक्लार्कांना दीडशेच्या जवळपास. त्यांतून गावी पाठवायचं, खोलीचं भाडं भरायचं, आणि उरलं त्यात जेवायचं. भत्ता पाच रुपयांनी वाढला की त्याच महिन्यात धोतरजोडी महाग व्हायची. ती माणसं कामावरून यायची तीच थकलेली, आणि हात धुऊन पाटावर बसली की पुन्हा भाव. डाळीचा भाव, रॉकेलचा भाव. जेवताना माणसं गावाकडच्या गोष्टी सांगतात, हसतात, तसं आमच्या ओटीवर फार कमी व्हायचं.

मी मॅट्रिक झाले. पुढे शिकायचं नव्हतंच. फिटरनं एक दिवस पंगतीत सांगितलं की ठाण्याला रेशनिंगच्या कचेरीत कारकून भरताहेत, मुलींनाही घेतात. अर्ज कसा करायचा ते मास्तरांनी सांगितलं. मला घेतलं. तात्पुरती जागा होती, पण तेव्हा तात्पुरती या शब्दाकडे कुणी लक्ष दिलं नाही. भत्ता धरून ऐंशीच्या थोडं वर. पहिला पगार घेऊन मी घरी आले आणि नोटा आईच्या हातात दिल्या. तिनं त्या मोजल्या नाहीत. देवापुढे ठेवल्या, आणि मला म्हणाली, "बस, चहा करते." चहा करता करता ती म्हणाली, "अकरा माणसांचं रांधून मला पस्तीस. तू खुर्चीवर बसून ऐंशी. तुझे वडीलही साठाला गेले नव्हते." मला वाटलं तिला आनंद झाला आहे. झालाही असेल. पण ती बोलली ते एखाद्या चुलत-मावस घरातली बातमी सांगावी तसं.

त्याच संध्याकाळी तिनं उंबऱ्यात उभी राहून हेडक्लार्कांना सांगितलं, "या महिन्यापासून मुलीचं जेवण पुरं धरा. अर्धं नको."

"अहो बाई, राहू द्या की," ते म्हणाले. "आता एवढं काय?"

"नाही, पुरं धरा."

ती नोकरी मला आवडली असं नाही, पण सवय झाली. कार्डं तपासायची, नावं कमी करायची, नावं वाढवायची. कोणाकडे पाहुणा आला, कोणाकडे मूल झालं, कोण गेलं, सगळं टेबलापलीकडून कळायचं. माणसं चिडून बोलायची. "आमच्या पोटाशी तुमचं काय वैर आहे?" असं एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले होते. मी त्यांना सांगू शकले नाही की माझ्याही घरी तोच तांदूळ शिजतो. आम्ही दोघींनी त्या दोन-अडीच वर्षांत थोडे पैसे बाजूला टाकले. माझ्या लग्नाचं बोलणं अधूनमधून निघायचं. आईला मी म्हणायचे, आता सोड ते रांधणं. ती म्हणायची, "तुझी जागा कायम होऊ दे, मग सोडते."

मग कंट्रोल उठायला लागला. आधी हे उठलं, मग ते उठलं, शेवटी तांदूळही मोकळा झाला. ज्या दिवशी ते नक्की झालं, त्या दिवशी हेडक्लार्क पंगतीला आले ते हातात पुडा घेऊन. चांगला, लांब दाण्याचा, वासाचा तांदूळ. उघड बाजारातून, पावती करून आणलेला. "बाई, उद्या रविवार. साखरभात करा," ते म्हणाले. "तूप मोजू नका उद्या." पंगतीत हशा झाला. कित्येक वर्षांत तसा हशा मी ओटीवर ऐकला नव्हता.

माझ्या पर्समध्ये शनिवारी मिळालेला कागद होता. रेशनिंगचं काम संपत असल्यामुळे तात्पुरत्या कारकुनांना महिनाअखेर कामावरून कमी करण्यात येत आहे. आमच्या खोलीत बसणाऱ्या सगळ्यांनाच तो मिळाला होता. वयस्क माणसं होती तिथं, चार-चार मुलांची. एकजण दुपारभर तेच विचारत राहिला, "भाव उतरले हे चांगलंच झालं ना? मग आपल्याला का काढतात?"

मी आईला शनिवारी सांगितलं नाही. रविवारी तिनं साखरभात केला. केशर नव्हतं, पण लवंगा होत्या, बेदाणे होते, आणि तूप खरोखरच न मोजता. चार-साडेचार वर्षांनी तिचा हात मोकळा सुटला होता. ती मध्येच गुणगुणली, मग स्वतःच थांबली. मी वाढलं. सगळे पुन्हा पुन्हा मागून घेत होते. फिटर म्हणाला, "काकू, आज गावची आठवण आली." हेडक्लार्क म्हणाले, "संपले बाई ते दिवस. आता माणूस पोटभर जेवेल." मी त्यांच्या पानात भाताची मूद टाकली आणि तूप वाढलं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नव्हतं. मला फक्त ती पंगत लवकर उठायला हवी होती.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. आईनं दोन घास खाल्ले आणि विचारलं, "काय झालंय? कालपासून बघते आहे."

मी सांगितलं.

ती जेवायची थांबली नाही. हळूहळू पानातलं सगळं संपवलं. मग म्हणाली, "तांदूळ मोकळा झाला म्हणून?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि उठून हात धुवायला गेली.

त्यानंतर आमची खाणावळही फार दिवस चालली नाही. कुणी बंद केली नाही, ती आपोआप ओसरत गेली. रेशनकार्डं एकत्र ठेवायची गरज उरली नाही, तेव्हा माणसांनाही एकत्र बसण्याची गरज उरली नाही. स्टेशनजवळ नवी हॉटेलं निघाली होती. तिथं राइस प्लेट मिळायची. भूक असेल त्या दिवशी जा, पैसे टाका, खाडे नाहीत, काही नाही. डोंबिवलीला चाळी उठत होत्या. तिकडे भाडं कमी म्हणून मास्तरांनी खोली घेतली आणि बायकोला गावाहून आणलं. त्यांच्यामागून आणखी दोघं गेले. फिटरला शहाडला कारखान्यात जागा मिळाली, जास्त पगाराची. जाताना तो आईच्या पाया पडला. लग्नाला बोलवीन म्हणाला होता. बोलावलं असेलही, आम्ही तोवर पत्ता बदलला होता. शेवटी हेडक्लार्क आणि आणखी दोघं उरले. तिघांसाठी पस्तीस रुपये कोण देणार? त्यांनी पंचवीस देऊ म्हटलं. आईनं महिनाभर घेतले. मग हेडक्लार्कांची बदली भुसावळकडे झाली आणि प्रश्न मिटला. जायच्या दिवशी ते ओटीवर आले, उभेच राहिले, आणि म्हणाले, "वहिनी, काही कमीजास्त बोललो असेन." आई म्हणाली, "छे हो." मग टांगा आला.

मी सहा-सात महिने घरी होते. बाजूला टाकलेले पैसे त्यात गेले. भाव उतरले होते, हे खरं आहे. तांदूळ खरोखर स्वस्त झाला होता, आणि आम्ही तो शेराच्या ऐवजी पावशेरानं आणत होतो. मग ठाण्यालाच दुसऱ्या एका सरकारी कचेरीत मला घेतलं. मागची नोकरी धरली नाही. पुन्हा पहिल्या पायरीपासून, मागच्या पगारापेक्षा कमी. मी सही केली. कल्याणच्या दोन खोल्या सोडून आम्ही नौपाड्यात एक खोली घेतली, जाण्यायेण्याचे पैसे वाचावेत म्हणून. पाट आम्ही ज्याला हवे त्याला देऊन टाकले. आईनं मोठी पातेली मोडीत घातली आणि वजन करताना काट्याकडे बघितलंही नाही.

नौपाड्यात आल्यावर ती एकदम म्हातारी दिसायला लागली. वय काही फार नव्हतं. दोघींचं रांधायला तिला वेळ लागायचा. मीठ कमी-जास्त व्हायचं. इतकं थोडं रांधायचं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. पुढे नवे पैसे आले. भाजीवाली आण्याचे सहा नवे पैसे धरायची, आई सव्वासहा म्हणायची, आणि तो पाव पैसा कुणाचा यावर सगळ्या आळीत वाद चाललेले. आईनं तो वाद दोन दिवस केला. तिसऱ्या दिवसापासून ती नाणी हातावर पसरून भाजीवालीपुढे धरायला लागली. "तुझं काय होतं ते घे," म्हणायची.

एकदा पगार झाला त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "आज रांधू नकोस. आपण बाहेर जेवू." ती कधीच हॉटेलात जेवली नव्हती. नको नको म्हणत आली. स्टेशनच्या बाजूला एक स्वच्छ हॉटेल होतं, तिथं बसलो. पोऱ्यानं पुढ्यात दोन राइस प्लेट आणून ठेवल्या. भात, दोन पोळ्या, भाजी, आमटी, कोशिंबीर. आई आधी नुसती बघत राहिली. तिच्यापुढे कुणी वाढलेलं ताट येऊन बरीच वर्षं झाली होती. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल, आमटीला चिंच जास्त आहे, तांदूळ जुना आहे, दर फार आहे. भिंतीवर दराची पाटी होती, ती तिनं वाचली.

तिनं एक पोळी खाल्ली. भात निम्मा खाल्ला आणि हात थांबवला.

"का गं? बरं नाही वाटत?"

"बरं आहे सगळं," ती म्हणाली. "पोट भरलं."

पोऱ्या आला आणि निम्म्या भातासकट ताट उचलून घेऊन गेला. आईनं वळूनही पाहिलं नाही. मी पैसे दिले. बाहेर रस्त्यावर पेढीवाले दुकानं आवरत होते. ती चार पावलं चालली आणि म्हणाली, "जरा टेकू या का कुठं?" एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. तिनं विचारलं, "उद्या कचेरी आहे ना तुला?" मी हो म्हटलं. "मग चल," ती म्हणाली, पण लगेच उठली नाही. मीही घाई केली नाही.